तांबड्या ज्वारीचा हिशेब

माझ्या आजीच्या लेखी अमेरिका म्हणजे मिलो. 1972 च्या दुष्काळात माण तालुक्यात दिवसभर खडी फोडून आल्यावर ती रेशनची ही तांबडी ज्वारी दळून भाकरी थापत असे. "भिकेचं धान्य हुतं त्ये," असे ती आजही म्हणते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी हे वाक्य तपासायला निघालो आणि आमच्याच मुलखातल्या एका माणसाच्या दप्तरापाशी येऊन पोहोचलो.

यशवंतराव चव्हाणांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे येथे झाला. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे घर मात्र कराडचे. 1962 च्या चीन युद्धानंतर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री केले. मे 1964 मध्ये ते लष्करी साहाय्याच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेत गेले. पाकिस्तानकडे असलेली एफ-104 लढाऊ विमाने भारतालाही हवी होती. अमेरिका त्यास राजी झाली नाही. त्या दौऱ्यातच, 27 मे रोजी, नेहरू गेले आणि चव्हाणांना परतावे लागले.

सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोत होते. मिग-21 विमानांची बोलणी 1962 पासूनच चालू होती. या भेटीने ती दृढ झाली. पुढे नाशिकजवळ ओझर येथे ही विमाने बांधली जाऊ लागली. सोव्हिएत संघाने विमानांसोबत ती बनवण्याची विद्याही देऊ केली होती, हे येथे महत्त्वाचे.

परंतु शस्त्रांचे दार बदलता आले, तरी धान्याचे दार बदलणे सोपे नव्हते. 'पीएल 480' या अमेरिकी कायद्यान्वये 1956 पासून गहू येत होता. त्याची किंमत रुपयांत चुकवायची असल्याने डॉलर खर्ची पडत नसत. ही सोय पुढे फास ठरली. 1965 च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही शस्त्रे रोखली. त्यानंतरच्या अवर्षणात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन धान्याला थोड्याथोड्या हप्त्यांनीच मंजुरी देत राहिले. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यामागचा एक आग्रह होता. व्हिएतनामवरील आपली टीकाही त्यांना खुपत होती.

1971 च्या अखेरीस भारताने ही सवलतीची आयात थांबवली. त्याच डिसेंबरात अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आणि आर्थिक मदतही गोठवली गेली. लगेच पुढच्या वर्षी महाराष्ट्र होरपळला. आता परदेशी धान्य आणायचे तर बाजारभावाने, परकीय चलन मोजून आणावे लागणार होते. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. माण, खटाव, आटपाडी, जत ही त्यांच्या शेजारची दुष्काळी गावे रेशनच्या रांगेत उभी असताना देशाच्या तिजोरीचा हिशेब त्यांच्या हाती होता.

जुन्या गव्हाचा हिशेबही त्यांच्याच कारकिर्दीत मिटला. 18 फेब्रुवारी 1974 रोजी झालेल्या करारानुसार अमेरिकेच्या खात्यात साठलेल्या रुपयांपैकी 1664 कोटींचा धनादेश राजदूत मॉयनिहन यांनी भारताला परत दिला. ऑक्टोबरमध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून चव्हाणांनी किसिंजर यांच्यासमवेत भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सही केली. दहा वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने परतावे लागले, त्याच देशाशी ते आता निराळ्या पायावर बोलत होते.

हे सारे मी आजीला सांगितले. ते धान्य भिकेचे नव्हते, देशाने दाम मोजले होते, असे मोठ्या उत्साहाने म्हणालो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पैसं दिलं असत्याल सरकारनं. रांगेत मी हुभी हुते."

माझ्या टिपणवहीत आता दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत. तुमच्या घरात मिलो खाल्लेले कोणी असेल, तर त्यांना आजच विचारून ठेवा.