मामाची फजिती

माझीच एक फजिती सांगतो. गोष्ट २००७ सालची.

जुनी गाणी ऐकायला आम्ही मित्र रविवारी जमायचो. गाणी कमी, गप्पाच फार! एकदा एकाने बातमी आणली. अमेरिकेतल्या मधमाश्या पोळी सोडून गायब होताहेत आणि म्हणे, मोबाईलमुळे! घरी येऊन मी ती भाच्याला तिखटमीठ लावून सांगितली. पठ्ठ्याने काय करावं? आजोबांचा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात लपवला! घरात तेवढा एकच फोन. त्या रात्री ताई एस्टीने येत होती आणि वाटेत गाडी बंद पडली. बाबा पहाटेपर्यंत दारात येरझारा घालत होते.

"माश्या मरतील म्हणून लपवला, मामा," भाचा रडत म्हणाला.

मग मी नीट वाचलं. जर्मनीत लांडाऊच्या विद्यापीठात प्रयोग झाला होता खरा, पण तो मोबाईलवर नव्हताच! घरातल्या बिनतारी फोनचे तळ थेट मधपेट्यांत ठेवले होते. वर्तमानपत्रांत त्याचा झाला मोबाईल! अमेरिकेतल्या पेट्यांत राणी, अळ्या, मध सारं जागेवर होतं. कामकरी माश्या तेवढ्या नाहीशा. शास्त्रज्ञांना एकच गुन्हेगार काही सापडला नाही. माशीला चिकटणारा व्हरोआ नावाचा बारीक परजीवी, विषाणू, कीटकनाशकं, फुलांचा तुटवडा, असे कितीतरी संशयित निघाले.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो डोळे पुसत म्हणाला, "मग तू आधी का नाही वाचलंस?"

मी गुपचूप तांदळाचा डबा फळीवर ठेवायला उठलो.