बियांची द्राक्षं

मैंदर्गीत आमची दीड एकर सोनाकाची बाग आहे. चहूबाजूंनी तूर आणि ज्वारी, मधे वेली पेलणारे आमचे ‘वाय’च्या आकाराचे अँगल. द्राक्ष म्हणजे लांब मणी, पातळ साल, बी नाही, हे आप्पांनी लहानपणीच डोक्यात बसवलेलं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडलेला हा वाण. आम्हा सोलापूरकरांना त्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

एका फेब्रुवारीत आप्पांना घेऊन अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रॅटेलीची बाग बघायला गेलो. इटालियन भाषेत फ्रॅटेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून 2007 च्या सुमारास ती उभी केली. वाईन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले आणि तिकडचा सांजोवेझे वाणही लागला. शिराझ, काबर्ने नाशिककडेही बघितले होते. पण ज्याची कियांती वाईन होते तो सांजोवेझे आपल्या जिल्ह्यात, उसाच्या शेजारी, याचं मला फार अप्रूप.

तिथे आमच्यासारखे ‘वाय’ नव्हते. वेली तारांवर उभ्या बांधलेल्या, घड खाली हाताला येतील असे. मणी जांभळे-काळे, करवंदाएवढे. आप्पा माळकरी, वाईनचा प्रश्नच नव्हता. मण्याला मात्र त्यांची हरकत नव्हती. एक तोंडात टाकला. साल चिवट, आणि बी दाताखाली कडकन फुटली. थुंकायला वळले, तेवढ्यात थांबले.

“अरे, गोडीला आपल्या मालाच्या पुढं हाय की!”

तिथल्या माणसाने रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून साखर दाखवली. 23. आमचा माल 18 ला आला की आम्ही व्यापाऱ्याला फोन लावतो. मग त्याने समजावलं: लाल वाईनचा रंग सालीतून, तुरटपणा साल-बियांतून. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून ते जीए (जिबरेलिक आम्ल) देत नाहीत. आणि मणी फुगावा म्हणून आमचं अख्खं घर मग हातात धरून एकेक घड जीएत बुडवत असतं!

परतताना पंढरपूरच्या पुढे मी एक एकर वाईनची द्राक्षं लावायचा विषय काढला. आप्पा म्हणाले, “सोनाका एकानं नाकारला तर दुसरा व्यापारी येतो. हे घेणारा एकच. तो नको म्हणला तर गाडी कुठं नेणार?” आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराचे पैसे वायनरीत अडकले होते, शेवटी त्याने वेली उपटल्या. आप्पांचं मला पटलं. वायनरीशी लेखी करार असल्याशिवाय लहान शेतकऱ्याने यात उतरू नये, असंच आजही माझं मत आहे.

पण पुढच्या डिपिंगला आप्पांनी बांधाकडच्या ओळीपाशी मजुरांना थांबवलं. “हिला राहू द्या.” मणी बारीकच राहिले. व्यापाऱ्याने ती ओळ सोडली. आम्ही ती मार्चअखेरपर्यंत वेलीवर ठेवली आणि रोज संध्याकाळी घमेलं घेऊन तिकडे जायचो.