इंदिरानगर ते पंचवटी

त्याला जेवण नको होतं, हवा हवी होती.

करोनाची टाळेबंदी चालू होती. मे 2020 चा दुसरा आठवडा असेल. आमच्या इंदिरानगरच्या बोगद्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, सोसायटीतले आम्ही सहा-सातजण रोज सकाळी पुरी-भाजीची पाकिटं घेऊन उभे राहायचो. भिवंडी, ठाणे, कल्याणकडून निघालेली माणसं कसारा घाट चढून नाशिकला पोचत आणि पुढे धुळे, शिरपूर, सेंधव्याच्या दिशेने चालत राहत. 1 मेच्या रात्री नाशिक रोडहून श्रमिकांची खास गाडी भोपाळला गेली होती, पण गाडीची वाट बघत थांबण्याएवढा धीर आणि पैसा सगळ्यांकडे नव्हता. काहींनी होते नव्हते ते पैसे घालून सायकली घेतल्या होत्या. हा मुलगा त्यातलाच. विशी-बाविशीचा, कॅरिअरला गोणी बांधलेली, पुढच्या नळीवर त्याचा सोबती. पाकीट पुढे केलं तर म्हणाला, “खाना है, दीदी. हवा मिलेगी क्या?”

दुकानं सगळी बंद. तेव्हा मला एकदम आठवलं की मुलीच्या सायकलचा पंप मीटरच्या खोलीत असणार. धावत जाऊन आणला. वॉशर वाळून कडक झाला होता, त्याला खोबरेल लावलं. मुलाने पंपावर पाय रोवून दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि इंदूर किती लांब आहे ते विचारलं. मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते. आकडा मला माहीत होता. चारशे किलोमीटरच्या वर, असं सांगताना माझा आवाज खाली गेला. त्याला इंदूरच्याही पुढे, जौनपूरला जायचं होतं. तो निघाला. पुढे त्याचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

पंप परत ठेवायला गेले तेव्हा मागची सायकल नीट दिसली. मुलगी बारावीनंतर बंगळूरला गेली, तेव्हापासून ती भिंतीला टेकून उभी होती. बिनागिअरची, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल. चेन गंजलेली, सीटवर बोटभर धूळ.

मला 2016 पासून मधुमेह आहे. रोजचं पाऊण तास चालणं हे माझं निम्मं औषध. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूपासून जॉगिंग ट्रॅकला कुलूप लागलं आणि ते औषध थांबलं. गच्चीत फेऱ्या मारून पाहिल्या. एका फेरीला बासष्ट पावलं, आणि अठरा कुटुंबांची तीच एक गच्ची. मे संपेपर्यंत उपाशीपोटीची साखर एकशे ऐंशीच्या पुढे गेली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी वाढवतो, पण पाय हलले पाहिजेत.

31 मेला टाळेबंदी सैल करणारा, राज्य सरकारचा ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश आला. नाशिक महापालिकेचं नाव त्यात होतं. 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात बाहेर चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी. गटाने नाही, जवळपासच, लांब जायचं नाही. आणि त्यात एक गोष्ट होती जी मी दोनदा वाचली. सायकल चालवताना अंतर आपोआप राखलं जातं, म्हणून लोकांनी व्यायामाला सायकल वापरावी, असं सरकारच सांगत होतं.

त्या दोन दिवसांत यजमानांनी आणि मी मिळून सायकल धुतली, चेन रॉकेलने पुसून तेल सोडलं. मागच्या चाकाची वॉलट्यूब कुजली होती. खालच्या मजल्यावरच्या मुलाने आपल्या जुन्या सायकलची काढून दिली.

3 जूनला पाच वाजता मी बोगद्यातून बाहेर पडले. कॉलेज सुटल्यापासून, म्हणजे तीस वर्षांत, पायडलवर पाय ठेवला नव्हता. शरीराला तोल आठवत होता, पण तो सांभाळायचं बळ मांड्यांत उरलं नव्हतं. मुंबई नाक्यापर्यंतच्या थोड्याशा अंतरात तीनदा उतरले. आभाळ भरून आलेलं, वारा विचित्र. त्याच दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचा पाऊस संध्याकाळी आमच्यापर्यंत पोचला. खिडकीशी बसून मी गुलमोहराच्या फांद्या मोडताना बघत होते, आणि मनात मात्र एकच विचार होता, उद्या रस्ता मोकळा असेल ना. मोकळा नव्हता. जागोजाग झाडं पडली होती. मी त्यांना वळसे घालून गेले.

सायकल दुरुस्त करणारे चाचा दुकान उघडल्यावर भेटले. त्यांनी पूर्ण ओव्हरऑइलिंग केलं, छर्रे बदलले, मागच्या चाकाचा आऊट काढला. मी गुडघे दुखतात म्हटल्यावर त्यांनी मला सायकलवर बसायला लावलं, सीट चार बोटं वर घेतली आणि म्हणाले, “पायडल एकदम खाली गेलं की गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे, मॅडम. तुम्ही उकिडवं बसल्यासारखं चालवताय.” आठ दिवसांत दुखणं गेलं. त्यांच्याकडे तेव्हा माझ्यासारख्यांची रीघ होती. माळ्यावरून, जिन्याखालून, बंद बंगल्यांच्या मागून सायकली निघत होत्या. नवीन सायकल हवी असेल तर आठवडेच्या आठवडे थांबायला लागत होतं. मेपासून सप्टेंबरपर्यंत देशात चाळीस लाखांवर सायकली विकल्या गेल्याचं पुढे वर्तमानपत्रात आलं. एप्रिलमध्ये तर एकही विकली गेली नव्हती.

जूनच्या मध्यापर्यंत मी न उतरता पाऊण तास चालवायला लागले. एकदा निघण्याआधी बोट टोचून साखर बघितली, 182. परत आल्यावर 134. पायांचे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, हे डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण यंत्रावर तो आकडा उमटलेला बघताना मला त्या पंपाची आठवण झाली.

आणि मग एके दिवशी मुंबई नाक्यावरून मागे वळायच्या ऐवजी मी सरळ गेले.

आई पंचवटीत राहते, दादा-वहिनींबरोबर, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा तिला एक्क्याऐंशीवं वर्ष चालू होतं, दम्याचा जुना त्रास. मार्चपासून मी तिला पाहिलं नव्हतं. फोनवर ती प्रत्येक वेळी विचारायची, “जेवलीस का?” आणि त्यापुढे आम्हा दोघींनाही काही सुचायचं नाही. आमच्या घरापासून तिचं घर सहा किलोमीटर. हे ‘जवळपास’मध्ये बसतं का, याचा मी खरंच विचार केला. कोणाला भेटणार नव्हते, कुठे थांबणार नव्हते, कशाला हात लावणार नव्हते. तरी मनात अपराधी वाटत होतं, आणि ते वाटत असतानाच मी शालिमार ओलांडलं.

रविवार कारंजापासून होळकर पुलापर्यंत उतार आहे. त्या उतारावर पायडल मारावं लागत नाही. पहाटे साडेपाचला, गाड्यांचा एकही आवाज नसताना, मी गोदावरीकडे उतरत गेले. पुलावर थांबले. खाली रामकुंडाच्या बाजूला घाट रिकामा. जिथे रोज राज्यातूनच नव्हे, देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, तिथे त्या घडीला एकही माणूस नव्हता. दुतोंड्या मारुती पायापर्यंत कोरडा उभा. साऱ्या जगात माणसं मरत होती आणि रामकुंडावर शुकशुकाट होता. अंगावर काटा आला तो गार वाऱ्याने नव्हे.

पुढे मालेगाव स्टँडचा चढ. तो मी त्या दिवशी हातात सायकल धरून चढले.

वाड्याखाली उभी राहून हाक मारायचं धाडस होईना. गल्ली झोपलेली, तोंडावर मास्क. मी घंटी वाजवली, दोनदा. थोड्या वेळाने खिडकीचं दार उघडलं. आईने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “अगं, तू? सायकलवर?” ती हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावला. आम्ही दहा मिनिटं बोललो. ती वर, मी खाली. फोनवर न सुचलेलं सगळं त्या दहा मिनिटांत सुचलं. लोणच्याच्या कैऱ्या मिळाल्या का, नळाला पाणी किती वाजता येतं, समोरच्या काकूंना कोणी डबा देतं का. निघताना ती म्हणाली, “आता दर रविवारी ये. दोनदा वाजवलीस की मला कळेल.”

तेव्हापासून माझ्या व्यायामाला मुक्कामाचं ठिकाण मिळालं. रविवारी जाऊन-येऊन बारा किलोमीटर. दादाने दोरीला पिशवी बांधून ठेवली होती. मी कधी भाजी, कधी औषधं तिच्यात टाकायची. आईकडून कधी शेंगदाण्याची चटणी खाली यायची. जुलैमध्ये तिच्या गल्लीत रुग्ण सापडला आणि तोंडाशी बांबू बांधले गेले. तेव्हा बांबूंच्या अलीकडून घंटी वाजवली. तिथून खिडकी अर्धीच दिसायची, त्या अर्ध्या खिडकीत हात हलायचा. ऑगस्ट अखेरीस मालेगाव स्टँडचा चढ मी पहिल्यांदा न उतरता चढले. वर पोचल्यावर श्वास एवढा लागला होता की बोलवेना. आईच वरून म्हणाली, “बस आधी, मग सांग.”

वर जायचा मोह अनेकदा झाला. पण 15 सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आम्हा शिक्षकांकडे घरोघरच्या तपासणीचं काम आलं. हातात ताप मोजायची गन आणि ऑक्सिमीटर घेऊन रोज पन्नासेक घरं. त्या घरांना मी सायकलवरच गेले, आणि तेव्हाच ठरवलं, आईला लशीचे दोन्ही डोस मिळेपर्यंत त्या जिन्याची पायरी चढायची नाही. दादानेही शब्द घेतला. दिवाळीतही मी फराळाचा डबा पिशवीत टाकून परत फिरले. पुढे शाळा सुरू झाल्यावर तर हा निर्णय आणखीच पक्का झाला.

मास्कबद्दल सांगायला हवं. चढावर मास्क लावून श्वास कोंडतो. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सचिवांनी सांगितलं की एकट्याने सायकल चालवणाऱ्याला मास्क लावावाच लागेल असा कुठलाही आदेश केंद्राने काढलेला नाही, मात्र सोबत माणसं असतील तर लावा. मी चढावर खाली घ्यायची आणि गल्लीत शिरताना वर ओढायची. मला हेच योग्य वाटलं, आजही वाटतं.

2021 चा एप्रिल मी थोडक्यातच सांगणार आहे. पुन्हा सगळं बंद झालं. रात्रभर रुग्णवाहिकांचे आवाज. 21 तारखेला आमच्या शहरात रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची माणसं श्वासावाचून गेली. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी वारले. महिना-दीड महिना मी सायकलला हात लावला नाही. व्यायाम हा शब्दच उच्चारवत नव्हता. आईची पिशवी दोरीला तशीच लटकत होती, असं दादा म्हणाला.

जूनमध्ये निर्बंधांसाठी राज्याचे पाच स्तर पडले. आम्हाला व्यायामाला पहाटे पाच ते नऊ एवढीच मुभा. पहिल्याच रविवारी रविवार कारंजावर एका तरुण पोलिसाने काठी आडवी केली. “कुठे मावशी?” व्यायामाला, म्हटलं. त्याने टोपलीतल्या डब्याकडे पाहिलं. मला खोटं बोलवेना. आई पंचवटीत आहे, वर जात नाही, खिडकीखालून डबा देते आणि परत येते, असं सगळं सांगून टाकलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग काठी बाजूला घेत म्हणाला, “नऊच्या आत घरी पोचा. माझी आई सिन्नरला आहे, मलाही जाता आलं नाही अजून.” परतताना तो तिथेच होता. मी घंटी वाजवली, त्याने हात वर केला.

आईला पहिला डोस मार्चअखेरीस मिळाला होता. मे महिन्यात दोन डोसांमधलं अंतर वाढवलं गेलं, त्यामुळे दुसरा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. त्यानंतर पंधरा दिवस थांबायचं, असं दादाने आणि मी ठरवलं. ते पंधरा दिवस मी कॅलेंडरवर खुणा करून मोजले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली ती पहाट. रिमझिम पाऊस, रस्ते ओले, होळकर पुलाखाली गढूळ पाणी चढलेलं. मालेगाव स्टँडचा चढ कधी संपला ते कळलंही नाही. गल्लीत शिरले, सायकल वाड्याच्या ओट्याला टेकवली, स्टँडसुद्धा लावला नाही. हात धुतले, मास्क नीट केला आणि सोळा महिन्यांनी त्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागले. वहिनीने दार उघडलं आणि बोटाने आतल्या खोलीकडे खूण केली.

आई खिडकीशी उभी होती, गजांना धरून, माझ्याकडे पाठ करून. घाईत मी घंटी वाजवायला विसरले होते. ती अजून खाली गल्लीतच बघत होती.