गॅलरीतला ड्रम आणि पाण्याचा नियम



टेंभी नाक्यावरची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि साठी उलटल्यावर आम्ही दोघं भाडेकरू झालो. मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात रोज चालत जाता यायला हवं, म्हणून जवळच दोन खोल्या घेतल्या. तिसरा मजला, त्यावर गच्चीच. करार ११ महिन्यांचा आणि मालकांची अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका दुपारी नळ कोरडा होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. गॅलरीवरच्या पत्र्याची धार सरळ गटारात जात होती. ते बघताना मला सासूबाई आठवल्या. त्यांचं माहेर अहमदाबादच्या पोळीतलं. तिथल्या जुन्या घरांच्या चौकाखाली टांकं असायचं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघालं की पुढचं पाणी टांक्यात घ्यायचं. तेच पाणी वर्षभर गाळून प्यायचं. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा मी ‘हो हो’ म्हणून भाजी चिरत बसायची. आता वाटलं, आपण का नाही?

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे आधी हिशेब मांडला. पत्रा १० फूट लांब, अडीच फूट रुंद, म्हणजे साधारण २.३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे २० मिलिमीटर पावसात ४६ लिटर. उडालेलं, सांडलेलं सोडा, तरी ३५ लिटर हाती लागेल. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा बघून मी हरखले.

खिळा नको म्हणून प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली आणि सुतळीनं ग्रिलला बांधली. खाली २०० लिटरचा ड्रम ठेवायचा बेत होता, पण आमचे हे म्हणाले, “एक लिटर म्हणजे एक किलो. जुन्या गॅलरीत दोन क्विंटल ठेवणार आहेस का? दोन माणसं आणखी उभी केल्यासारखं आहे ते.” म्हणून १०० लिटरचा आणला. तोंडाला दुहेरी गाळणं बांधलं. चार दिवसांत ड्रम भरला. मी शेजारणींना बोलावून दाखवला.

मग पावसानं उघडीप दिली. पाणी संपायला नको म्हणून मी त्याला हात लावेना. कधीतरी गाळणं एका बाजूनं सैल झालं, ते लक्षातच आलं नाही. साधारण दहा दिवसांनी बघितलं तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

मैत्रिणींनो, पुढचं लिहिताना आजही हात अडतो. पाण्याचा एक थेंबही गाळल्याशिवाय न वापरणारी मी. त्या अळ्यांचे डास होऊ द्यावेत, तर शेजारच्या घरात सात महिन्यांचं बाळ. ओतून द्यावं, तर हे शेकडो जीव माझ्या हातून जाणार. मी ओतून दिलं. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात अप्कायाचा उच्चार आला आणि पुढे शब्द फुटेना.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. टांकं जमिनीखाली, बंद, काळोखात. माझा ड्रम उघड्या गॅलरीत, उन्हात. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असं सांगतात. सासूबाईंकडचं पाणी साठवायचं वेड मी उचललं, त्यामागची व्यवस्था नाही उचलली.

चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजी महाराजांना मी हे सांगितलं. पाणी धरावं की न धरावं हे त्या सांगणार नाहीत, ते त्यांच्या मर्यादेबाहेरचं. त्यांनी फक्त विचारलं, “सकाळी चौदा नियम धारता ना? पाण्याच्या किती बादल्या ठेवता? त्यात हे पाणी धरलं होतं का?”

नव्हतं धरलं. घरी येऊन हिशेबाची वही काढली. माझा नियम आठ बादल्यांचा. नळाच्या आठ बादल्या रोज वापरल्याच होत्या, वर पावसाच्या पाण्यानं गॅलरी रोज धुतली, पायपुसणी दोनदा धुतली. फुकटचं म्हणून सैल हातानं वापरलं. पाऊस जमेला लिहिला होता, पण नळाचा खर्च एका पैशानं कमी झाला नव्हता. एवढं साठवून मी वाचवलं काहीच नव्हतं.

यंदा ड्रम नाही. दोन बादल्या आहेत, झाकणाच्या. पावसाळ्याच्या सुरुवातीचे दोन दिवस पन्हळ बाजूला करून ठेवते, पत्र्यावरची धूळ आणि कबुतरांची घाण वाहून जाऊ देते. मोठ्या उघडिपीनंतरही पहिली दहा मिनिटं सोडून देते. मग गाळण्यातून बादली भरते. हे पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही. लादी पुसायला, संडासात टाकायला, फडकी धुवायला. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बादली रिकामी करून पालथी घालायची. आणि पावसाची जितकी बादली वापरली, तितकी नळाची कमी. एकूण आठच. जास्तीचा पाऊस आला तर जिना धुणाऱ्या बाईंना बादली देते, तेवढा वेळ खालचा नळ बंद राहतो.

रोजच्या दीड-दोन बादल्या सुटतात. शहरांत माणशी १३५ लिटरचं मोजमाप धरतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण भाड्याच्या घरात, खिळा न ठोकता, एवढं होतं.

मावळात पाले गावाजवळ एक लेणं आहे. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखाची सुरुवात अरिहंतांना नमस्कारानं होते, म्हणून कित्येक अभ्यासक त्याला महाराष्ट्रातला सर्वांत जुना जैन लेख मानतात. त्यात लिहिलंय काय? तर लेणं खोदवलं आणि पोढी खोदवली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. हे वाचलं तेव्हा मला माझा निळा ड्रम आठवला. त्यांनी टाकं खोदलं ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या तहानेसाठी, मी भरला तो शेजारणींना दाखवण्यासाठी.

संवत्सरीला आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. गेल्या वर्षी मी ते गॅलरीत उभी राहूनही म्हटलं. तुमच्या खिडकीवर पत्रा असेल तर यंदा एक बादली लावून बघा. फक्त सकाळी नियम घेताना ती मोजायला विसरू नका.