हिरवी तार

वसमतला आमच्या घरी गाडीच्या शेडमध्ये आईचा डीप फ्रीझर आहे. उन्हाळाभर ती कुल्फी विकते. मागच्या मेमध्ये ओल्या हातानं झाकण उघडताना म्हणाली, "हाताला झिणझिण्या यायल्यात रे." मी हसण्यावारी नेलं. ती चप्पल घालून फ्रीझर उघडू लागली.

वायरमन आला. "दादा, ही हिरवी तार कुणी कापली?"

मीच. एक्स्टेंशनचा प्लग दोनच पिनांचा होता, तिसरी तार नुसती लोंबत होती. कॉम्प्रेसरजवळ वायरचं आवरण झिजून पत्र्यात करंट उतरला होता. तो हिरव्या तारेनं जमिनीत गेला असता; मी ती वाट तोडली, मग उरली आईच्या अंगातून जाणारी.

ती वायर बदलली. आता मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी आणि कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा आहे. पण उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. खड्डा ओला ठेवावा लागतो.

पाण्याची चणचण असली तरी आई तुळशीला तांब्या आणि खड्ड्याला बादली चुकवत नाही. मी घरी असलो की बादली मी उचलतो.