पोटभाडेकरू

बाबांच्या पोटावर उजवीकडे, लुंगीच्या गाठीच्या जरा वर, बोटभर लांबीचा व्रण होता. अंघोळ करून उघडे बाहेर आले की दिसायचा. लहानपणी मला वाटे, सगळ्याच बाबांना तो असतो. "तिथं अपेंडिक्स होतं, काढून टाकलं," एवढंच ते सांगत. होतं. विषय संपला.

माझं दुखणं बेंबीपाशी सुरू झालं. गॅस असेल म्हणून ओवा चावला, गरम पाणी प्यायलो. पहाटेपर्यंत ते उजव्या कुशीत खाली उतरलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. सर्जननी बेंबी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोट टेकवलं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीनं १८८९ मध्ये नोंदवून ठेवलेली जागा. दाबताना दुखलंच, पण हात उचलला तेव्हा कळवळलो.

सीटी स्कॅनमध्ये सूज होती. फुटलं नव्हतं, आत खडाही नव्हता. खडा असता तर तुम्हाला विचारलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी फिनलंडचा हिशेब सांगितला. अशाच ५३० रुग्णांपैकी निम्म्यांवर ऑपरेशन, निम्म्यांना नुसती अँटिबायोटिक्स. औषधवाल्यांपैकी वर्षभरात शंभरी २७ जण शेवटी टेबलावर गेलेच. पाच वर्षांत ३९ जणांचं दुखणं उलटलं.

"म्हणजे ६१ जणांचं निभावलं," मी म्हटलं.

"हो. पण ते ६१ कोण, हे त्यांना पाच वर्षांनी कळलं."

तीन दिवस शिरेतून औषध, मग सात दिवस गोळ्या. मेट्रोनिडॅझोलनं तोंडात जुन्या तांब्याची चव राहिली. दर काही तासांनी कुणीतरी येऊन पोट दाबून जाई. ताप चढला किंवा पोट ताठरलं तर लगेच ऑपरेशन, हे आधीच ठरलेलं. (दुकानातून दोन गोळ्या आणून गिळणं म्हणजे हा उपचार नव्हे, हे इथंच सांगून ठेवतो.) आई उशाशी बसून एकच विचारत राहिली, "मेलं काय कामाचं असतं ते? टाकायचं काढून!"

टाके नाहीत, व्रण नाही. महिन्याभरात लोक विसरले. मी विसरलो नाही. तेव्हापासून पोटातला हा पोटभाडेकरू मला ठाऊक झालाय. भाडं देत नाही, आवाज करत नाही. पण मिसळ जरा झणझणीत झाली की माझा हात आपोआप उजव्या कुशीवर जातो. हरिश्चंद्रगडाचा बेत मी दोनदा मोडला. गुडघ्याचं कारण सांगितलं.

बाबांना एका दुपारची भीती पुरली. माझी हप्त्याहप्त्यानं चाललीय. तरी पुन्हा विचारलं असतं तर मी हेच निवडलं असतं, हेही खरं.

येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. प्रवासाच्या बॅगेत सगळ्यात वर सीटीची फाईल असते.