एका छपराखालीं

आमच्या पिढीजात घरांत खुराडें कधींच नव्हतें. परंतु इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांत मुलाकडे गेलों असतां शेजारच्या मळ्यावरील खुराड्यानें आमचें लक्ष वेधिलें. याच परगण्यांतील सर जॉन सेब्राइट (१७६७-१८४६) यांनीं शोभेच्या कोंबड्यांची एक चिमुकली जात सिद्ध केली. वजन अवघें ६०० ग्रॅम. रुपेरी पिसांस रेखीव काळी किनार. मळेवाल्यानें अशी एक जोडी तीन-तीन किलोंच्या कोंबड्यांत एकदम सोडली, आणि पहिल्याच दिवशीं मादीचा डोळा गेला. ती एकाक्ष कोंबडी आम्हीं पाहिली. तेव्हांपासून तो नवागतांस कांहीं दिवस जाळीपलीकडे ठेवितो, दाणापाणी दोन ठिकाणीं मांडतो, आणि मोठ्यांस शिरतां येणार नाहीं असा बुटका आडोसा राखतो. एकत्र कुटुंब चालविणाऱ्या वाचकांस निराळें काय सांगावें? धाकट्यांस नुसतें छप्पर पुरत नाहीं. चोंच चुकवावयास एक कोपराही लागतो.